जलरंगातलं चित्र कुठे थांबवायचं: कागदामागच्या एका वाक्यापासून टेप निघेपर्यंत

दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण कुठेतरी बाहेर बसून रंगवतो. साडेनऊला चहा येतो तेव्हा बहुतेकांची चित्रं चांगली असतात. साडेदहाला सामान आवरताना त्यातली निम्मी मेलेली असतात. चहाच्या वेळी कुणीतरी सगळ्या चित्रांचे फोटो काढून ठेवतं, म्हणून मधल्या तासात काय झालं ते नंतर मोबाईलवर उघड दिसतं: ऊन गेलं, सावल्या राखाडी झाल्या, पाण्यावर रेघोट्या आल्या. मग तोच प्रश्न येतो, ‘कुठे चुकलं?’ आणि बोट नेहमी शेवटच्या एखाद्या फटकाऱ्यावर ठेवलं जातं.

मला विचाराल तर चूक कागद ओला होण्याआधीच झालेली असते. थांबायचं कुठे हे ठरवलेलं नसतं, म्हणून मग वेळ संपेपर्यंत किंवा कंटाळा येईपर्यंत हात चालत राहतो. स्पॉट पेंटिंगच्या, म्हणजे जागेवर बसून ठरावीक वेळेत चित्र काढायच्या स्पर्धांमध्ये हे फार दिसतं. चित्र झालेलं असतं, घंटेला अजून चाळीस मिनिटं असतात, आणि त्या चाळीस मिनिटांत पुन्हा पुन्हा हात फिरून ते घोटलं जातं.

खाली टप्पे दिले आहेत ते क्रमानेच करा. उदाहरणाला एकच चित्र घेतो: वाईचा गणपती घाट, मागे ढोल्या गणपतीचं शिखर, सकाळचे साडेआठ, कागद पाव इम्पीरियल म्हणजे ११ बाय १५ इंच. हे चित्र मी स्वतः एकदा व्यवस्थित मारलेलं आहे, त्यामुळे कुठे काय होतं ते नीट ठाऊक आहे.

टप्पा १: कागदाच्या मागे दोन ओळी

कागद मास्किंग टेपने बोर्डाला लावण्याआधी उलटा करा आणि पेन्सिलीने लिहा की हे चित्र कशाचं आहे. ‘वाईचा घाट’ हे उत्तर चालणार नाही, तो पत्ता झाला. ‘वरच्या पायऱ्यांवर तिरपं ऊन, खालच्या पायऱ्या पूर्ण सावलीत’ हे उत्तर झालं. त्यातून लगेच कळतं की ऊन आणि सावली यांची गाठ जिथे पडते तिथे चित्राचा जीव आहे. ती गाठ दिसली की चित्र झालं. शिखर, होड्या, पलीकडची झाडं, धुणं धुणाऱ्या बायका ही सगळी वऱ्हाडी मंडळी. आली तर ठीक, नाही आली तरी लग्न लागतं.

दुसरी ओळ जास्त महत्त्वाची आहे, आणि बहुतेक जण तीच गाळतात. काय रंगवणार नाही ते लिहा. माझ्या यादीत तेव्हा हे असायला हवं होतं: पलीकडचा काठ हा एकच सपाट आकार, दगडांचे सांधे दहाच्या वर नाहीत, डाव्या खालच्या कोपऱ्यात फक्त पाणी, एका वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका सपाट थरात.

मग पत्त्याच्या पानाएवढा चौकोन आखून मऊ पेन्सिलीने छोटं स्केच करा. त्यात टोन तीनच: कोरा कागद, मधला करडा, गडद. पाच मिनिटं पुरतात. जिथे कागद पांढरा सोडायचा तिथे बारीक फुली मारा.

ही फुली का, ते सांगतो. ‘कागद पांढरा दिसता कामा नये’ हे शाळेतल्या चित्रकलेच्या तासापासून आपल्या हातात इतकं मुरलेलं असतं की पोकळ जागा दिसली की हात आपोआप तिकडे जातो. फुली हाताला अडवते.

> सावधान: उघड्यावर बसला असाल तर सावल्या या छोट्या स्केचमध्ये पडल्या तशाच शेवटपर्यंत ठेवायच्या. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दोन तासांनी समोरच्या घाटाकडे बघून सावली ‘दुरुस्त’ केलीत तर चित्रात दोन सूर्य उगवतात.

टप्पा २: कागद आणि रंग किती सोसतील ते आधी बघा

चित्र कुठे थांबवायचं हे थोडं तुमच्या हातात असतं आणि थोडं कागदाच्या. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद दुसऱ्या वॉशलाच लाटा मारतो आणि तिसऱ्याला त्याचे तंतू सुटतात. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) साधा लाकडाच्या लगद्याचा कागद तीन थर बऱ्यापैकी घेतो, मात्र त्यावर खालचा थर लवकर सुटतो आणि वरच्यात मिसळून चिखल होतो. शंभर टक्के कॉटनचा कागद जास्त सोसतो, पण तो महाग असतो आणि महाग कागदावर माणूस जपून, घाबरत, पुन्हा पुन्हा हात फिरवतो. हा मी अनेकदा पाहिलेला विनोद आहे.

ऐकीव माहितीवर जाऊ नका. त्याच कागदाची दोन इंच रुंद पट्टी कापा आणि तिच्यावर हे करा:

१. एक वॉश द्या, पूर्ण वाळू द्या. अर्ध्या पट्टीवर दुसरा द्या. तोही वाळल्यावर पाव पट्टीवर तिसरा. तिसऱ्या थराला खालची पट्टी स्वच्छ दिसते की मळकट, ते बघा.

२. ओलसर सपाट ब्रशने एका जागी हलकं घासा. कितव्या फेरीला कागदावर लव उभी राहते ते मोजा. त्या कागदावर तेवढ्याच दुरुस्त्या परवडतात, आणि शहाणपण त्याहून एक कमी करण्यात आहे.

३. पेटीतला प्रत्येक रंग एका ठिपक्याने लावा, वाळू द्या, मग ओल्या ब्रशने उचलून बघा. अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट निळा बऱ्यापैकी उठतो. थॅलो निळा, थॅलो हिरवा, प्रशियन निळा आणि ॲलिझरीन क्रिमसन कागदात शिरून बसतात, ते पूर्ण निघत नाहीत.

तिसरी चाचणी फुकटची वाटते, पण शेवटी हात थरथरतो तेव्हा तीच उपयोगी पडते. सावलीत थॅलो निळा असेल तर ‘नंतर उचलू’ हा पर्याय नाही, हे आधीच माहीत असतं.

> तपासा: पावसाळ्यात कपाटात राहिलेला कागद असेल तर पट्टी घ्याच. दमट हवेने कागदावरचं साइझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप, बिघडतं. मग रंग टीपकागदासारखा आत शोषला जातो आणि वॉशमध्ये गडद ठिपके उमटतात. असा कागद सरावाला ठेवा.

बाकी सामानात दोनच गोष्टींचा आग्रह धरतो. पाण्याची भांडी दोन घ्या, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाणी घ्यायला. आणि पांढऱ्या कार्डबोर्डचे दोन ‘एल’ आकार कापून ठेवा, प्रत्येकाची पट्टी दोन-अडीच इंच रुंद. हे दोन तुकडे शेवटी फार मोठं काम करणार आहेत, विसरू नका.

टप्पा ३: पहिला वॉश, आणि पहिला सक्तीचा थांबा

आकाश, पलीकडचा काठ, पायऱ्यांचा उजेडातला रंग आणि पाणी हे सगळं एका बैठकीत, सगळ्यात मोठ्या ब्रशने. फुल्यांच्या जागा सोडून. रंग चहासारखा पातळ. वाळल्यावर जलरंग फिका पडतो, म्हणून ओला असताना डोळ्याला पटेल त्यापेक्षा एक पायरी गडद ठेवा.

आणि आता थांबा.

चित्र घोटण्याची पहिली संधी इथे येते, शेवटी नव्हे. आकाश जरा पट्टेदार वाटतं, ब्रशच्या टोकाला थोडं पाणी असतंच, हात जातो, आणि दोन मिनिटांत तिथे फुलकोबी फुलते. हे का होतं ते समजलं तर हात आवरणं सोपं जातं. कागद अर्धवट वाळलेला असताना त्यावर ब्रशमधलं जादा पाणी आलं की ते बाहेर पसरतं, सैल रंगकण ढकलत नेतं आणि कडेला सोडून देतं. तीच ती दातेरी कड.

म्हणून कागद तिरपा धरून उजेडात चकाकी बघायला शिका:

पाणी साचून आरशासारखं चमकतंय: अजून रंग सोडता येतो, कडा विरघळतील.

चमक एकसारखी, पण पाणी हलत नाही: जाड रंग चालतो, नुसतं पाणी नाही.

चमक जातेय, कुठे आहे, कुठे नाही: हात मागे. काहीही करायचं नाही.

चमक गेली, पण हाताच्या मागच्या बाजूला कागद गार लागतो: आतून अजून ओला आहे. इथेही नाही.

गार लागत नाही: कोरडा. पुढचा टप्पा.

किती वेळ लागेल हे घड्याळावर ठरवू नका. मे महिन्यात पुण्यात दुपारी पाच-सात मिनिटांत वाळतो. जुलैत रत्नागिरीला अर्धा तास वाट बघूनही गार लागू शकतो. हेअर ड्रायर वापरायचा तर चमक पूर्ण गेल्यावरच आणि हातभर लांबून. आधी लावलात तर वारा पाण्याला ढकलतो आणि डाग तयार होतो.

या वेळात करायचं काय? ब्रश खाली ठेवून उठायचं. ‘मी नुसता बसतो, हात लावणार नाही’ असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ब्रश हातात असला की हात चालतो. मी चहाचा कप उजव्या हातात धरतो, मुद्दाम.

टप्पा ४: मधले टोन, आणि घाबरायची वेळ

आता सावल्या. रंग दुधाइतका दाट. घाटाच्या सावलीतल्या सगळ्या पायऱ्या, बुरुजाची सावलीकडची बाजू आणि देवळाच्या बाजूची सावली हा एकच जोडलेला आकार आहे असं समजून वरून खाली, न थांबता उतरा. पायरी वेगळी, भिंत वेगळी, झाड वेगळं असं करायला गेलात तर तुकड्यांची गोधडी होते, आणि मग ते तुकडे जोडायला पुढे शंभर फटकारे लागतात. घोटलेल्या चित्रांपैकी अर्धी तरी या शिवणकामात गेलेली असतात.

वाळू द्या. पुन्हा उठा.

परत आल्यावर चित्र वाईट दिसेल. दरवेळी दिसतं. गडद अजून नाही, तपशील नाही, सगळं धुक्यात हरवल्यासारखं. नवखा माणूस इथे बारीक ब्रश उचलतो आणि पायऱ्या ‘काढायला’ लागतो, कारण पायऱ्या पायऱ्यांसारख्या दिसत नाहीत. या टप्प्याला त्या तशा दिसायच्याच नसतात.

> तपासा: डोळे किलकिले करून चित्र आणि ते पत्त्याच्या पानाएवढं स्केच शेजारी शेजारी बघा. किंवा मोबाईलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाईट करा. उन्हाचा आकार आणि सावलीचा आकार वेगळे वाचता येतात का? येत असतील तर पुढे जा. येत नसतील तर सावलीवर एकच मोठा वॉश आणखी द्या, तोही पूर्ण कोरड्यावर, आणि घासू नका, ब्रश टेकवून पुढे जा.

टप्पा ५: गडद जागा, मोजून

जलरंगात सगळ्यात गडद रंग शेवटी आणि सगळ्यात कमी. मी आकडा ठरवतो. पाव इम्पीरियलला बारा ते पंधरा जागा. हा काही नियम नाही, माझ्या हाताला लावलेला लगाम आहे. तुमचा आकडा दहा असेल, वीस असेल, पण तो आधी ठरवा. देवळाच्या दाराची काळोखी, कमानीखालचा अंधार, होडीचा तळ, एक-दोन माणसांची डोकी आणि पायाशी सावली, पायऱ्यांच्या तीन-चार खाचा. रंग दह्याइतका घट्ट. ब्रश भरून घ्या, ठेवा, उचला. ठेवलेल्या जागेवर दुसऱ्यांदा जाऊ नका.

इथे उलटी चूकही सांगितली पाहिजे, कारण ‘वेळेवर थांबा’ हे ऐकून ऐकून काही जण याच्या आधीच थांबतात. चित्र ताजं आहे, स्वच्छ आहे, आणि भुरकट आहे. कुठेच खरा गडद नाही. विचारलं तर म्हणतात, ‘बिघडेल म्हणून सोडलं.’ ते थांबणं नव्हे, पळणं झालं. सगळ्यात गडद जागा सगळ्यात उजळ जागेला खेटून येत नाही तोवर ऊन पडत नाही. वाईच्या चित्रात उन्हातली पायरी आणि तिच्या खालची काळी खाच यांत बोटभरही अंतर नको.

> तपासा: चित्रात कुठेतरी अगदी कोरा कागद आहे का? कुठेतरी अगदी गडद आहे का? दोन्ही तुमच्या कागदामागच्या वाक्यातल्या जागेजवळ आहेत का? तीन ‘हो’ आले की मुख्य काम संपलं. पुढचं सगळं ऐच्छिक आहे आणि बहुतेक वेळा घातक.

टप्पा ६: धोक्याची घंटा ओळखा

माझ्या वाईच्या चित्राचं इथे काय झालं ते सांगतो. दहा वाजून पाच मिनिटांनी वरचे तिन्ही ‘हो’ आले होते. उन्हाची पट्टी बुरुजावरून पायऱ्यांवर तिरपी उतरत होती, पाण्यात तिचं एकच फिकट प्रतिबिंब होतं, आणि डावा कोपरा मोकळा होता. मला वाटलं, पायऱ्यांचे दगड जरा दाखवावेत. रिगर, म्हणजे लांब केसांचा बारीक ब्रश घेतला आणि एक सांधा काढला. तो छान आला. म्हणून दुसरा. मग वरच्या ओळीत सांधे आणि खालच्या ओळीत नाहीत हे खटकलं, म्हणून खाली. सांधे फार काळे झाले, म्हणून ओल्या ब्रशने पुसले. पुसल्यावर सावलीत फिकट डाग पडले, म्हणून सावलीवर पुन्हा वॉश दिला. तो वॉश उन्हाच्या पट्टीवर ओघळला. तो टिपायला टिश्यू. साडेदहाला त्या पायऱ्या पावसात भिजलेल्या चुलीसारख्या दिसत होत्या, आणि मी अजूनही ‘फिनिशिंग’ करत होतो.

यातला पहिला सांधा चुकीचा नव्हता. दुसराही नव्हता. चूक तिथे झाली जिथे एक फटकारा आधीच्या फटकाऱ्याची दुरुस्ती म्हणून आला. त्यावरून मी एक मोजमाप ठरवलं आहे: लागोपाठ दोन फटकारे दुरुस्तीचे आले तर तिसरा मारायचा नाही. ब्रश भांड्यात नाही, पिशवीत.

दुरुस्तीची ही साखळी सुरू होण्याआधी शरीर खुणा देतं. चित्राकडे बघून त्या कळत नाहीत, स्वतःकडे बघून कळतात:

ब्रश लहान झालाय. बारा नंबरवरून सहावर, सहावरून दोनवर. बारीक ब्रश उचलणं ही माझ्या मते सर्वात खात्रीची घंटा.

पकड पुढे सरकलीय. ब्रश मागच्या टोकाला धरला होता, आता तो पेन्सिलीसारखा, केसांजवळच्या पत्र्याच्या कडेला धरलाय.

नाक कागदापासून वीतभर अंतरावर आलंय.

पाण्याची दोन्ही भांडी सारखीच गढूळ आहेत आणि बदलायला उठावंसं वाटत नाही.

हात कोपऱ्यांत फिरतोय. मधल्या जागेत काही सुचत नाही, म्हणून कडेच्या झाडाला पानं फुटायला लागलीत.

शेजारच्याला विचारता, ‘अजून काय करू?’ शेजारचा सज्जन असेल तर काहीतरी सुचवतोच. त्याचं चित्र नाहीये.

दोन खुणा एकत्र दिसल्या तरी पुरे. त्यानंतर प्रत्येक फटकाऱ्याआधी मोठ्याने बोला: काय, कुठे, कशासाठी. ‘होडीखाली गडद, म्हणजे ती पाण्यावर टेकेल.’ हे वाक्य पूर्ण आहे, मारा. ‘इथे जरा काहीतरी...’ किंवा ‘बघू या’ असं तोंडातून आलं तर वाक्य अपूर्ण आहे, ब्रश खाली. मोठ्याने बोलायला लाज वाटते, लोक बघतात, हे खरं आहे. तरी मनातल्या मनात बोलून चालत नाही. मनात आपण फसवतो.

टप्पा ७: चित्र तुमच्यापासून लांब न्या

आता ते दोन ‘एल’ तुकडे काढा. चित्राच्या कडेने चौकट होईल असे ठेवा आणि बोर्ड उभा करून सहा-सात फूट मागे जा. पांढऱ्या चौकटीत चित्र अचानक पुरं दिसायला लागतं. मघाशी ‘अजून थोडं’ वाटत होतं त्यातलं बरंच त्या मोकळ्या कडेमुळे, मास्किंग टेपच्या पिवळटपणामुळे आणि बोर्डावर सांडलेल्या रंगामुळे वाटत होतं.

मग चित्र उलटं करा, डोकं खाली. घाट, देऊळ, होडी असं काही दिसत नाही, फक्त आकार दिसतात. एखादा आकार खरंच ओरडत असेल तर आता कळेल. मोबाईलवर फोटो आडवा फिरवून, आरशात दिसतो तसा, बघितला तरी चालतं.

तरीही काही राहिलंय असं वाटत असेल तर रंग लावू नका, आधी ठेवून बघा. रद्दी कागदावर तो गडद रंग लावून वाळवा, हव्या त्या आकाराचा तुकडा फाडा आणि चित्रावर ठेवा. माणूस हवा वाटतोय? अर्ध्या बोटाएवढा तुकडा पायरीवर ठेवून मागे जा. दहातल्या सात वेळा तुकडा काढल्यावर चित्र जास्त बरं दिसतं. उरलेल्या तीन वेळा जागा आणि माप दोन्ही नक्की झालेलं असतं, मग फटकारा एकदाच मारता येतो. यासाठी पुस्तकांना घालतो ते पारदर्शक प्लॅस्टिकही चालतं. रंगात साबणाचा एक थेंब मिसळला की तो प्लॅस्टिकवर गोळा होत नाही. फक्त चित्र पूर्ण वाळलेलं असू द्या आणि तो साबणाचा ब्रश पुन्हा चांगल्या रंगात बुडवू नका.

यानंतर चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा. रात्रभर.

> सावधान: ‘आत्ताच संपवतो, उद्या मूड राहणार नाही’ हे वाक्य ऐकू आलं की समजा चित्र धोक्यात आहे. मूड दुसऱ्या चित्रालाही वापरता येतो.

दुसऱ्या दिवशी, शक्यतो सकाळच्या उजेडात, चित्र फिरवा आणि पहिल्या दहा सेकंदांत जे खटकेल तेवढंच कागदावर लिहा. यादी तीनच्या वर गेली तर शेवटच्या खोडा. ब्रश ओला करा, तेवढे तीन फटकारे मारा, ब्रश धुवा. एकूण पाच मिनिटं. यादीत काहीच आलं नाही तर पेटी उघडूच नका. पेटी उघडली की तिचा मान राखायला आपण काहीतरी करतोच.

टप्पा ८: हद्द ओलांडली असेल तर

होतं. आधी पूर्ण वाळू द्या, कारण ओल्यावर केलेली प्रत्येक दुरुस्ती पुढच्या दुरुस्तीला जन्म देते. मग या क्रमाने, वरचा उपाय जमला तर खालचा नको:

१. कापा. ‘एल’ तुकडे आत-बाहेर सरकवत चित्रातला जिवंत भाग शोधा. मेलेल्या ११ बाय १५ मध्ये बऱ्याचदा एक छान ७ बाय ९ लपलेलं असतं. माझ्या वाईच्या चित्रातून शिखर आणि आकाशाचा उभा तुकडा वाचला. पायऱ्या गेल्या.

२. शांत करा. बडबड करणाऱ्या कोपऱ्यावर सपाट ब्रशने एकच पातळ, थंड रंगाचा वॉश द्या. तपशील एकमेकांत बुडतात आणि नजर मधे जाते. हात एकदाच फिरवायचा. परत फिरवलात की खालचा रंग सुटतो.

३. उचला. स्वच्छ ओलसर सपाट ब्रश, दोन-तीन हलके हात, लगेच टिश्यूने दाबून टिपा. पुसू नका. पट्टीवर जेवढ्या फेऱ्या मोजल्या होत्या तिथेच थांबा. लव उभी राहिलेल्या कागदावर नंतर लावलेला कोणताही रंग काळपट डागच देतो.

४. पांढरा गुआश, म्हणजे खालचं झाकणारा अपारदर्शक जलरंग. हरवलेल्या उजेडासाठी चार-पाच ठिपके, फक्त वाक्यातल्या जागेवर. चित्रभर पेरलात तर चित्राला गोवर आल्यासारखा दिसतो.

५. पुन्हा काढा. हा उपाय शेवटचा लिहिला आहे, पण मला सगळ्यात आवडतो. त्याच स्केचवरून, नव्या कागदावर, चाळीस मिनिटांचा गजर लावून. पहिल्या चित्राकडे न बघता. कोणते तपशील आठवतात आणि कोणते नाही, यावरूनच गाळायचं काय ते कळतं. पायऱ्यांचे सांधे मला दुसऱ्या वेळी एकही आठवले नाहीत.

टप्पा ९: टेप काढा

टेप काढणं हा संपल्याचा शिक्का आहे, म्हणून त्याचाही क्रम सांभाळा. आधी ब्रश धुवून आडवे वाळत ठेवा, पेटी बंद करा, पाणी ओता. कागद हाताला गार लागत नाही याची खात्री करा. मग टेप चित्रापासून बाहेरच्या दिशेने, तिरपी आणि हळू ओढा. सरळ वर ओढली किंवा कागद दमट असताना काढली तर कागदाचा पापुद्रा टेपबरोबर येतो. टेप चिवट निघाली तर हेअर ड्रायरने किंचित गरम करा, गोंद सैल पडतो.

टेप निघाल्यावर एखादी कड वाकडी आली, खाली रंग शिरला, तर ती तशीच राहू द्या. माउंटखाली, म्हणजे फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकली जाते.

शेवटी कागद उलटा करा. तिथे पहिल्या टप्प्यातल्या दोन ओळी असतील. त्यांच्या खाली थांबलात ती वेळ लिहा आणि मधे काढलेल्या फोटोंकडे बघून, थांबायला हवं होतं ती वेळ लिहा. माझ्या वाईच्या कागदावर १०.३५ आणि १०.०५ असं लिहिलेलं आहे. दहा-बारा चित्रांचे आकडे जमले की स्वतःचं अंतर कळतं. माझं बराच काळ अर्धा तास होतं, हल्ली दहा मिनिटांवर आलंय. आमच्यातल्या एकीचं नेहमी उलटं निघतं, ती पंधरा मिनिटं आधीच सोडते. तिला मी टप्पा ५ पुन्हा वाचायला सांगितलंय.